परत आलेलं ताट

एका अहवालात मी एक वाक्य लिहिलं. त्यातला एकेक शब्द सुटा घेतला तर बरोबर होता, पण वाक्य खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे लिहितानाच मला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना कुणाला मी भला माणूस वाटायचो.

वाक्य असं होतं: 'आहार-खिडकीवरील कर्मचाऱ्याचा वेग कमी असून, या जागी संगणकाची सवय असलेली व्यक्ती नेमणे योग्य राहील.'

मी वीसेक वर्षं नागपुरातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. प्रोग्राम इतर लोक लिहितात. स्क्रीनवर काय दिसावं, कोणतं बटण कुठे असावं, हे मी ठरवतो. मग ज्यांना ती स्क्रीन रोज वापरायची आहे त्यांच्यापुढे ती ठेवतो, शेजारी गप्प बसतो आणि ते कुठे अडतात ते बघतो. नव्यानं आलेल्यांना पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवतो. समोरचा माणूस अडला तर स्क्रीन चुकली असं समजायचं. वहीत स्क्रीनबद्दल लिहायचं, माणसाबद्दल लिहायचं नाही. हे मी इतक्या जणांना शिकवलंय की माझ्या चहाच्या कपावर त्यांनी ते गमतीनं छापून दिलं होतं. तो कप मी आता घरी, प्रतापनगरला नेऊन ठेवलाय. ऑफिसात तो समोर नको वाटतो.

काम होतं एका धर्मादाय दवाखान्याच्या स्वयंपाकघराचं. डॉक्टर सांगतील तसं प्रत्येक खाटेला वेगळं जेवण जायचं. हा सगळा हिशेब एका मावशी सांभाळायच्या. माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठ्या असतील, पण दवाखान्यात त्यांना लहानथोर सगळे मावशीच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्या नंदनवनातून यायच्या, सकाळी सातला. स्वयंपाकघर आणि बाहेरचा बोळ यांच्यामध्ये एक मोठी खिडकी होती. तिच्याशी त्या उभ्या असत. खुर्ची होती, पण तिच्यावर बहुतेक वेळ त्यांची पिशवीच बसलेली असायची.

खिडकीच्या बाजूला भिंतीवर एक फळी होती. खाटा जितक्या तितके खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक रंगवलेला बिल्ला. पांढरा म्हणजे पेज, पिवळा म्हणजे खिचडी, लाल म्हणजे बिनमिठाचं, हिरवा म्हणजे साखरेच्या पेशंटचं. पहिल्याच भेटीत मी त्या फळीचा फोटो काढला. रंग मला फार आवडले. तेच चार रंग मी स्क्रीनवर घेतले आणि कंपनीत त्याबद्दल शाबासकीही मिळवली.

त्या फोटोत सहा-सात बिल्ले पालथे होते. ते पालथे का आहेत, हे मी विचारलं नाही.

चाचणी घेतली ती पहिल्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत. एसी, शांतता, टेबलावर नवा संगणक. पाच जण बोलावले होते. नोंदणी विभागातले चार तरुण कर्मचारी, आणि मावशी. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. हात इतके घासून धुतलेले की बोटांची टोकं सुरकुतली होती. नुकताच चष्मा बदलला होता.

मी काम सांगितलं: अमुक खाटेला खिचडी लावा, चिठ्ठी काढा, ताट पोचल्याची नोंद करा. मावशींनी खिचडी लावली. चिठ्ठी काढली. पोचल्याचं बटण दाबलं. तिथपर्यंत त्या बाकी चौघांपेक्षा फारशा मागे नव्हत्या. मग त्यांचा हात माउसवर थांबला.

"आन् वापस आलं तं?"

"काय परत आलं?"

"ताट. भरेलच्या भरेल वापस आलं तं ते कुठी लावू?"

"मावशी, ते आत्ता नको. सांगितलं तेवढंच करा."

"हो हो," त्या म्हणाल्या. पण शोधणं त्यांनी सोडलं नाही. एकेक पान उघडायच्या, वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचायच्या, बंद करायच्या. माझ्या मोबाइलवर सेकंद पळत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"माफ करा भाऊ. मले नाई जमलं."

"काही हरकत नाही, मावशी," मी म्हणालो. मोठ्या मनानं म्हणालो.

त्यांचा प्रश्न बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. गेलेल्या ताटाची नोंद आमच्याकडे होती, आलेल्याची नव्हती. पालथ्या बिल्ल्यांचा अर्थ मला त्या खोलीत लागला. पण ते बसवायचं तर मुळापासून बदलावं लागलं असतं, आणि आठ दिवसांनी काम सोपवायचं कबूल केलं होतं. मी अहवालात चौघांच्या वेळा लिहिल्या. मावशींची वेळ बाजूला काढली. आणि ते वाक्य लिहिलं.

दिवाळीनंतर दवाखान्याच्या व्यवस्थापकांचा फोन आला. काही किरकोळ सुधारणा हव्या होत्या, येऊन बघा म्हणाले. मी गेलो तर खिडकीशी नोंदणी विभागातली एक बाई बसली होती. त्या चौघांतलीच एक. भिंतीवर फळीच्या जागी नुसते चार स्क्रूचे व्रण. मावशी आत, भाजी निवडण्याच्या ओट्याशी सांबाराची जुडी घेऊन बसल्या होत्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे सांबारच म्हणतात.

"या भाऊ," त्या म्हणाल्या. "काहून गा, किती वाळले. घरी जेवाले देत नाईत का?"

मी हसलो. विचारायला नको होतं, तरी विचारलं, "मावशी, तुम्ही इकडे?"

"मले कंपुटर नाई जमला ना. तुमाले तं माहीतच हाय." आणि पुन्हा सांबाराकडे बघायला लागल्या. आवाजात राग नव्हता. मास्तरांनी नापास केल्यावर मुलं जशी प्रगतिपुस्तकाबद्दल बोलतात, तसं त्या बोलत होत्या.

मी दिवसभर तिथेच थांबलो. दुपारी जेवणं वर गेली, स्क्रीनवर एकेका खाटेपुढे 'पोचलं'ची खूण उमटत गेली. दीडच्या सुमाराला उष्टी ताटं घेऊन ट्रॉली खाली आली. मावशी मान वर न करता जुडी निवडत होत्या, पण ट्रॉली शेजारून जाताना त्यांचा हात तीनदा बाहेर आला. ताटाला चिकटलेली खाटेची चिठ्ठी काढायची आणि चाळणीखाली सरकवायची. तीन वाजता त्यांनी हात धुतले, चिठ्ठ्या घेतल्या आणि जिन्याकडे निघाल्या. ती त्यांची चहाची सुट्टी होती. मी मागे गेलो.

दुसऱ्या मजल्यावर एका खाटेवर एक म्हातारे गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडले होते. मावशी स्टूल ओढून बसल्या.

"काहून नाई जेवले बाबा?"

"भूक नाई."

"काल आली तवा झोपेल होते तुमी. कालपासून तीन ताटं वापस आली. भूक नाई, का दात नाई?"

म्हातारबुवा हळूच या कुशीवर वळले. मग चादरीखालून एक बोट बाहेर आलं आणि खाटेशेजारच्या कपाटाकडे वळलं. वरच्या फळीवर एक प्लास्टिकची डबी होती. ऑपरेशनच्या वेळी कवळी काढून कुणीतरी ती तिथे ठेवली होती, आणि त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.

"मंग मागाची नाई का?"

"कोणाले मागू? सून बसून राहते. तिच्यासमोर कसं म्हनू, माहे दात दे."

"आपलं गाव कोन्तं?"

"पारशिवनीकडचं."

"अरे, मंग तं माह्या माहेरचेच झाले तुमी. माहेरच्या मानसानं माह्या सैपाकघरातून उपाशी राहाचं म्हंजे माहीच बदनामी." त्यांनी कवळी बेसिनवर धुतली, त्यांच्या हातात दिली आणि ते ती बसवेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आता खिचडी पाठवते. गरम. वापस नाई आली पायजे."

खाली जाऊन मी स्क्रीन बघितली. त्या खाटेपुढे काल दुपारी, काल रात्री आणि आज दुपारी, तिन्ही वेळा 'पोचलं'ची खूण होती. मीच ठरवलेली खूण.

जिन्यात मी मावशींना विचारलं, "हे तुम्ही रोज करता?"

"फळी होती तवा सोपं होतं. ताट गेलं का बिल्ला पालथा. रिकामं आलं का सुलटा. तीन वाजता जेवढे पालथे राहिले तेवढ्यांपाशी जाऊन याचं. आता चिठ्ठ्या ठेवून राहिली." मग म्हणाल्या, "त्या दिशी तुमच्या कंपुटरात खूप शोधलं मी. म्हटलं, एवढ्या शिकेल मानसानं बनवलं तं हे असनच कुठीतरी. मलेच सापडून नाई राहिलं."

त्यांना वेळ लागला होता तो माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून. आणि मी ती वेळ घड्याळावर मोजून त्यांच्या विरुद्ध वापरली होती.

त्यानंतरचे दोन महिने मी ते काम नव्यानं केलं. कंपनीत सांगितलं, बदल किरकोळ नाहीत, मोठे आहेत. या वेळी चाचणी मीटिंगच्या खोलीत घेतली नाही. भर साडेअकराला, वाफेत, कुकरच्या शिट्ट्यांत, खिडकीशी उभं राहून घेतली. आधी कागदावरच स्क्रीन काढून नेल्या. मावशी सांबार सोडून यायच्या, ओल्या हातानं कागदावर बोट ठेवायच्या. ते कागद अजून माझ्याकडे आहेत, हळदीच्या ठशांसकट. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचो, मदतीला बोट पुढे जाऊ नये म्हणून.

त्यांनी पहिला कागद बघितला आणि हसायला लागल्या.

"भाऊ, तुमची ट्रॉली उडत जाते का?"

"का हो?"

"एक नंबरचा वॉर्ड खाली, दोन नंबरचा वर, तीन पुन्हा खाली. हे अशा नंबरानं ताटं लावली तं बिचारा ट्रॉलीवाला लिफ्टमधीच म्हातारा होईन."

वॉर्डांचा क्रम आम्ही ट्रॉलीच्या वाटेप्रमाणे केला. दुसऱ्या कागदावर मी परत आलेल्या ताटाचं बटण काढलं होतं, उजवीकडे खाली, लहानसं. मावशींनी मान हलवली.

"हे सगळ्यात मोठं पायजे."

"सगळ्यात मोठं?"

"गेलेलं ताट सगळेच पाहतात, भाऊ. वापस आलेलं कोनी पाहत नाई."

ते बटण मोठं झालं. ते दाबलं की खाट पालथी व्हायची, म्हणजे रंग जाऊन नुसती चौकट उरायची. तीन वाजता पालथ्या खाटांची यादी आपोआप वर यायची. खिडकीवरची बाईही हे सगळं बघत असे. एक दिवस ती म्हणाली, "सर, मला तर ठाऊकच नव्हतं की परत आलेली ताटं बघायची असतात. कुणी सांगितलंच नाही. मला आपलं नोंदणीलाच पाठवा ना परत. इथे मला सारखं काहीतरी चुकतंय असंच वाटतं."

नवी स्क्रीन सुरू झाली. मी व्यवस्थापकांकडे गेलो आणि म्हणालो, खिडकीवर आता मावशींना आणा. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ते काम त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. ते मला वाटलं होतं तसे कठोर गृहस्थ नव्हते. त्यांनी शांतपणे कपाटातून फाइल काढली, पान उलटलं आणि माझं वाक्य मला वाचून दाखवलं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना? मी तर तुमचंच ऐकून त्यांना आत पाठवलं. माझ्या मनानं पाठवलं नव्हतं."

तिथेच बोलायचं होतं. तोंडात शब्द आलेही होते. पण मी म्हणालो, "हो, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. बघतो, कळवतो." आणि खाली आलो. जाताना मावशींनी चहा घ्या म्हटलं, तर मी घाई आहे म्हणून निघालो. घाई कसलीही नव्हती. पार्किंगमध्ये स्कूटरवर बराच वेळ नुसता बसून होतो.

आठवडाभर मी पत्र लिहिलं नाही. कंपनीचं नाव जाईल, हे एक कारण मी स्वतःला देत होतो. खरं कारण लहान होतं. त्या पत्राची प्रत ऑफिसात सगळे वाचणार होते, कप छापून देणारेही.

शेवटी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं, 'नोंद घेण्यात त्रुटी राहून गेली.' ते फाडलं. दुसऱ्यात लिहिलं, 'आमच्याकडून गैरसमज झाला.' तेही फाडलं. तिसऱ्यात 'मी' आला. 'त्यांचा वेग कमी नव्हता. आमच्या स्क्रीनमध्ये त्यांच्या कामाचा अर्धा भाग नव्हता आणि त्या तो शोधत होत्या. हे मला चाचणीच्या वेळीच कळलं होतं. तरी मी ते वाक्य लिहिलं. ते मागे घेतो.'

व्यवस्थापकांनी पत्र वाचलं. "हे फाइलला लावू?"

"लावा."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी मावशी खिडकीवर आल्या. दोन-तीन दिवसांनी मी गेलो, स्क्रीन कशी चाललीय ते बघायला. त्यांनी पिशवी खुर्चीवरून उचलली, मला बसायला लावलं आणि एक डबा पुढे केला. वडाभात होता, वर फोडणीचं तेल वेगळं बांधून आणलेलं.

"घ्या. तुमच्यामुळं पास झाली मी."

मी डबा हातात धरून बसलो.

"नातनीकडून शिकली टाइप कराले, रोज थोडं थोडं," त्या सांगत होत्या. "त्या दिशी उगाच तुमाले तरास देला. तुमी मनानं चांगले म्हनून काई बोलले नाई. दुसरा असता तं चिडला असता."

पत्रात काय होतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यात आदेश खाली येतात, कारणं वरच राहतात. त्यांच्या लेखी त्या एकदा नापास झाल्या होत्या आणि आता मेहनत करून पास झाल्या होत्या. मी काही बोललो नसतो तर ते तसंच राहिलं असतं, आणि मी त्यांच्या घरचा वडाभात खात राहिलो असतो.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही माझी माफी मागितली होती. आठवतं?"

"हो ना. तुमी म्हटलं, काई हरकत नाई."

"ते म्हणायचा मला हक्क नव्हता. तुम्ही जे शोधत होता ते त्यात नव्हतंच. मी ठेवलंच नव्हतं."

"आता हाय ना पन."

"तेव्हा नव्हतं. आणि नाही, हे मला तुम्ही विचारलं त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी कागदावर लिहून दिलं की तुमचा हात हळू चालतो, खिडकीवर दुसरं कुणी बसवा. त्यामुळे तुम्ही आत गेलात."

बोळातून ट्रॉलीचा आवाज आला. "थांबा जरा," त्या म्हणाल्या आणि वळल्या. ताटं एकेक उतरली. रिकामं, रिकामं, अर्धं, रिकामं. एक भरलेलं. त्यांनी पदराला बोट पुसून मोठं बटण दाबलं, ती खाट पालथी झाली. शेवटचं ताट उतरल्यावर, स्क्रीनकडेच बघत त्या हळूच म्हणाल्या,

"म्हंजे मी नापास नवती झाली?"

"नाही मावशी. तुम्ही बरोबर विचारलं होतं. त्या खोलीत एकट्या तुम्हीच बरोबर होता. चूक माझी होती आणि ती मी जाणूनबुजून तुमच्या नावावर लिहिली. तुमचे सहा-सात महिने त्यात गेले, ते मला परत करता येत नाहीत. मला माफ करा."